शास्त्रज्ञांची सभा आणि मेजावरचा बेडूक

वैज्ञानिक परिषदांची वृत्ते आपण वर्तमानपत्रांत नेहमी वाचतो. अमुक नगरीत अमुक शास्त्राची परिषद भरली, मंत्रिमहोदयांच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले, इतक्या देशांचे इतके प्रतिनिधी उपस्थित होते, इतके निबंध वाचले गेले आणि परिषद मोठ्या उत्साहाने पार पडली. अशी वृत्ते मराठीत आणण्याचे काम प्रस्तुत लेखकाला नित्याचेच आहे. त्यांत उत्साहाचा उल्लेख सहसा चुकत नाही. चुकतो तो एवढाच, की तेथे जमलेल्या विद्वानांनी एकमेकांना नेमके काय सांगितले, आणि ते ऐकणाऱ्यांनी मान्य केले की नाही. वाचकाच्या मनात साहजिकच प्रश्न येतो: निबंध छापूनच वाचावयाचे असतील तर टपालाने का पाठवू नयेत? त्यासाठी शेकडो माणसांनी समुद्र ओलांडून एका गावी का जमावे?

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर शरीरक्रियाविज्ञानाच्या इतिहासात सापडते. शरीररचनाशास्त्र मृत देहावरून शिकता येते. हाड कोठे आहे, स्नायू कोठे चिकटला आहे, हे चित्रात दाखविता येते. परंतु हृदय कसे चालते, मज्जातंतूतून आज्ञा कशी जाते, भूक कशी लागते, हे सर्व ‘चालू’ असलेल्या गोष्टींचे शास्त्र आहे. ते जिवंत शरीरातच पाहावे लागते, आणि जिवंत शरीर प्रत्येक वेळी तसेच वागेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. एकाच्या प्रयोगशाळेत घडलेली गोष्ट दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत घडत नाही. मग खरे कोणाचे? या अडचणीतूनच या शास्त्राच्या अभ्यासकांमध्ये एक रीत पडली, ती अशी, की नुसते सांगू नका, आमच्या डोळ्यांदेखत करून दाखवा.

लंडनची शरीरक्रियावैज्ञानिक संस्था या रीतीचे मोठे पीठ होय. जॉन बर्डन सँडरसन यांच्या लंडनमधील घरी ३१ मार्च १८७६ या दिवशी काही थोडे लोक जमले व तिची स्थापना झाली. तात्कालिक कारण मात्र वैज्ञानिक नव्हते. प्राण्यांवरील प्रयोगांस आळा घालणारा कायदा त्या वर्षी इंग्लंडात होऊ घातला होता आणि आपली बाजू मांडण्यासाठी या मंडळींना एकत्र येणे भाग होते. पुढे संस्थेच्या सभांत निबंध हातात धरून वाचण्यास मनाई असे. थोडक्या मिनिटांत तोंडी सांगावयाचे, शक्य तर प्रयोग मांडावयाचा, आणि मग समोरचे लोक प्रश्नांची झोड उठवीत. ते झाल्यावर सभासदांनी मत द्यावयाचे, की हा वृत्तांत संस्थेच्या कार्यवृत्तात छापण्यास योग्य आहे किंवा नाही. आपल्याकडील साहित्यसंमेलनांत ही प्रथा सुरू केल्यास काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी!

संस्था स्थापन होऊन पाच वर्षे झाली असतील, तोच लंडनमध्येच एक विलक्षण प्रसंग घडला. १८८१ च्या ऑगस्ट महिन्यात तेथे आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषद भरली होती. तीन हजारांहून अधिक प्रतिनिधी, त्यांत पाश्चर, लिस्टर, कॉख, व्हिर्शो अशी नावे. शरीरक्रियाविज्ञानाच्या विभागात त्या वेळी एक वाद पेटला होता. मेंदूच्या पृष्ठभागाच्या निरनिराळ्या भागांकडे निरनिराळी कामे नेमून दिलेली आहेत काय? स्ट्रासबुर्गचे गोल्ट्झ म्हणत, नाही. मेंदू एकसंध काम करतो. त्यांनी एक जिवंत कुत्रा बरोबर आणला होता. त्याच्या मेंदूच्या पृष्ठभागाचा फार मोठा भाग दोन्ही बाजूंनी आपण काढून टाकला आहे, तरीही तो चालतो, त्याला दिसते, ऐकू येते, असे त्यांचे म्हणणे होते. उलट लंडनचे डेव्हिड फेरियर यांचा दावा असा, की अवयवांच्या हालचालींची, ऐकण्याची ठिकाणे मेंदूवर बोट ठेवून दाखविता येतात.

व्याख्याने झाली, पण व्याख्यानांनी कोणाचे समाधान झाले नाही. दुपारी सारी मंडळी किंग्ज कॉलेजात गेली. गोल्ट्झ यांचा कुत्रा खरोखरच हिंडतफिरत होता. मग फेरियर यांनी दोन माकडे पुढे आणली. पहिल्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूचा हालचालींचा भाग काही महिन्यांपूर्वी काढलेला होता. ते लंगडत आत आले, त्याचा उजवा हात निकामी झालेला होता, आणि त्याची ती चाल पाहताच पॅरिसचे प्रसिद्ध मज्जारोगतज्ज्ञ शार्को उद्गारले, की हा तर रोगीच आहे! अर्धांगवायूचे शेकडो रुग्ण ज्यांच्या नजरेखालून गेले होते त्यांना तेच चित्र या माकडात दिसले. दुसऱ्या माकडाच्या मेंदूचा, दोन्ही कानशिलांकडील भाग काढलेला होता. दोघांच्या मागे एक टोपी उडवून बार काढण्यात आला. पहिले माकड दचकले. दुसऱ्याने मानही वळविली नाही.

एवढ्यावर तरी निकाल लागावा की नाही? परंतु सभा तेवढ्यावर थांबली नाही, आणि मला वाटते तिचा खरा मोठेपणा येथेच आहे. कुत्रा व एक माकड यांना क्लोरोफॉर्म देऊन मारण्यात आले व त्यांचे मेंदू एका समितीच्या हवाली करण्यात आले. गॉवर्स, क्लाइन, लँग्ली आणि शेफर हे तिचे सभासद. शस्त्रक्रियेने नेमका किती भाग गेला, हे ज्याने शस्त्रक्रिया केली त्याच्या तोंडून न ऐकता तिसऱ्याने तपासावे, असा हेतू होता. तपासणीत फेरियर यांचे वर्णन तंतोतंत उतरले. गोल्ट्झ यांच्या कुत्र्याच्या मेंदूचा मात्र त्यांना वाटत होता त्याहून पुष्कळ अधिक भाग शाबूत निघाला. कुत्रा चालत होता यात खोटे काही नव्हते. तो का चालत होता, हे मात्र आता निराळ्या रीतीने समजले. कुत्र्याच्या मेंदूच्या तपासणीत लँग्ली यांच्या हाताखाली एक तरुण विद्यार्थी काम करीत होता. त्याचे नाव चार्ल्स शेरिंग्टन. मज्जासंस्थेच्या अभ्यासाबद्दल १९३२ सालचे नोबेल पारितोषिक ज्यांना मिळाले तेच हे.

या प्रसंगाचे दोन परिणाम झाले. पहिला असा, की त्याच वर्षी नोव्हेंबरात फेरियर यांना न्यायालयात खेचण्यात आले. आवश्यक तो परवाना त्यांच्याकडे नाही, असा प्राण्यांच्या कैवाऱ्यांचा आरोप होता. शस्त्रक्रिया परवाना असलेल्या दुसऱ्या प्राध्यापकांनी केली होती असे निष्पन्न झाल्याने खटला निकालात निघाला. फिर्यादी पक्षाला केवळ अडाणी म्हणून हसण्यावारी नेणे मात्र बरोबर नाही. त्या माकडाने काहीही कबूल केलेले नव्हते. त्याच्या वेदनेचा हिशेब कोणी तरी मागितला, म्हणूनच आज प्रत्येक सुसंस्कृत देशात अशा प्रयोगांवर कायद्याची देखरेख आहे.

दुसरा परिणाम तीन वर्षांनी दिसला. लंडनमधील एका रुग्णालयात डाव्या हाताची शक्ती गेलेला व वारंवार झटके येणारा एक तरुण शेतकरी दाखल झाला. बाहेरून डोक्यावर काहीही खूण नव्हती. परंतु हाताच्या हालचालींचे ठिकाण मेंदूच्या उजव्या बाजूला कोठे असावे, हे आता माहीत होते. तेवढ्या आधारावर २५ नोव्हेंबर १८८४ रोजी रिकमन गॉडली या शस्त्रवैद्याने कवटी उघडली, आणि अंदाज केला होता तेथेच गाठ सापडली. ती काढून टाकण्यात आली. रुग्ण सुमारे महिन्याने जंतुसंसर्गाने दगावला. म्हणून यास विजय म्हणावयास जीभ अडखळते. परंतु डोके न उघडता केवळ लक्षणांवरून आतील गाठीची जागा सांगता येते, हे त्या दिवसापासून सिद्ध झाले.

आता आपल्या देशाशी संबंध असलेली एक हकीकत. तीत वर उल्लेखिलेले बर्डन सँडरसनच पुन्हा भेटतात, पण या वेळी त्यांची भूमिका तितकीशी गोड नाही. १९०१ च्या जून महिन्यात जगदीशचंद्र बसू यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपले प्रयोग मांडले. सामान्य वनस्पतीलाही टोचले, चिमटले, तर तिच्यात विद्युत् प्रतिसाद उमटतो, असे त्यांनी दाखविले. बर्डन सँडरसन हे त्या विषयातील वडीलधारे. माशी पकडणाऱ्या वनस्पतीतील विद्युत् प्रवाहावर त्यांचे स्वतःचे काम होते. त्यांनी सभेत उठून सांगितले, की हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक शरीरक्रियाविज्ञानाच्या क्षेत्रात आले आहेत. त्यांनी ‘प्रतिसाद’ हा शब्द तरी बदलावा. बसूंनी शब्द बदलण्यास नकार दिला. निबंध छापला गेला नाही. तो सोसायटीच्या दप्तरखान्यात जाऊन पडला. पाहूनही न पटणारे असतात, आणि ते नेहमीच क्षुद्र बुद्धीचे असतात असे नाही, ही गोष्ट या प्रसंगावरून ध्यानात घ्यावी.

बसू थांबले नाहीत. १९१७ मध्ये त्यांनी कलकत्त्यास आपली संशोधनसंस्था उभारली. झाडाची वाढ, जी आपल्या डोळ्यांना महिन्यांनी जाणवते, ती क्षणाक्षणाला दाखविणारे ‘क्रेस्कोग्राफ’ नावाचे यंत्र त्यांनी तयार केले. वाढीचे चित्र ते लक्षावधी पटींनी मोठे करून दाखवी. त्यावरही संशय घेण्यात आला. लंडनचे ए. डी. वॉलर यांनी जाहीरपणे शंका उपस्थित केली, की हे यंत्र वाढ दाखविते की यंत्राचीच थरथर? तेव्हा १९२० च्या वसंत ऋतूत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्रात्यक्षिक झाले. ते पाहणाऱ्यांत भौतिकीचे, वनस्पतिशास्त्राचे व शरीरक्रियाविज्ञानाचे जाणते होते. विल्यम बेलिस हे त्यांपैकी एक. लवकरच ‘टाइम्स’ पत्रात त्यांचे संयुक्त पत्र प्रसिद्ध झाले. यंत्र वनस्पतीची वाढ बिनचूक दाखविते, असे त्यात नमूद होते. त्याच वर्षी बसू रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. झाडाच्या खोडात रस वर चढतो तो पेशींच्या स्पंदनामुळे, असा जो सिद्धांत बसूंनी मांडला तो पुढील अभ्यासकांनी स्वीकारला नाही, हेही सांगितले पाहिजे. प्रात्यक्षिक यंत्राची साक्ष देते. यंत्राच्या धन्याच्या प्रत्येक अनुमानाची नव्हे.

देशोदेशींच्या शरीरक्रियावैज्ञानिकांची स्वतंत्र परिषद १८८९ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे प्रथम भरली. तीन-तीन वर्षांनी ती निरनिराळ्या नगरांत भरू लागली. पहिल्या महायुद्धाने तिच्यात खंड पाडला. १९२० साली पॅरिसला ती पुन्हा भरली तेव्हा जर्मन शास्त्रज्ञांना बोलावणे नव्हते. युद्धाच्या जखमा ओल्या होत्या. १९२३ मध्ये एडिंबरो येथे मात्र जर्मन आले. त्या अधिवेशनाचे अध्यक्ष शार्पी-शेफर होते. वाचकांना स्मरत असेल, १८८१ च्या समितीतील शेफर ते हेच. त्यांचे दोन्ही पुत्र महायुद्धात मारले गेले होते. त्या म्हाताऱ्या गृहस्थाने अध्यक्षपदावरून जर्मनांसमोर उभे राहताना मनात काय आणले असेल, ते मी येथे कल्पनेने लिहू इच्छीत नाही. त्या अधिवेशनात मॅक्लाउड यांनी इन्सुलिनवर व्याख्यान दिले, आणि मधुमेहाने खात्रीने मरणारी मुले आता जगू शकतात ही वार्ता जगभरच्या तज्ज्ञांनी तेथे ऐकली.

त्यापुढचे अधिवेशन १९२६ साली स्टॉकहोमला भरले. माझ्या मते या सर्व इतिहासातील सर्वांत सुंदर प्रात्यक्षिक तेथेच झाले. ऑस्ट्रियातील ग्राझ विद्यापीठाचे ऑटो लोवी यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. मज्जातंतू स्नायूला किंवा हृदयाला आज्ञा देतो ती विजेच्या ठिणगीने, की एखाद्या द्रव्याच्या थेंबाने, हा प्रश्न त्यांच्या मनात अनेक वर्षे घोळत होता. त्यांनी स्वतः पुढे सांगितले आहे, की १९२० मध्ये ईस्टरच्या सुमारास एका रात्री त्यांना स्वप्नात प्रयोगाची युक्ती सुचली. अर्धवट झोपेत त्यांनी ती कागदावर खरडली. सकाळी पाहतात तो अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडले. या वेळी कागदावर विसंबून न राहता ते पहाटे तीन वाजता उठून तडक प्रयोगशाळेत गेले.

प्रयोग इतका साधा आहे, की घरातल्या मुलालाही समजावा. बेडकाची दोन हृदये बाहेर काढून मिठाच्या पाण्यासारख्या द्रावात ठेवली, तर ती बराच वेळ ठोके देत राहतात. पहिल्या हृदयाला व्हेगस नावाचा मज्जातंतू जोडलेला ठेवावयाचा. तो तंतू विजेने उद्दीपित केला, की ठोके मंदावतात. एवढे पूर्वीच माहीत होते. आता त्या पहिल्या हृदयातील द्राव काढून दुसऱ्या हृदयाला द्यावयाचा. दुसऱ्याला तंतू नाही, वीज नाही; तरीही ते मंदावले! म्हणजे पहिल्या हृदयात मज्जातंतूने काही तरी द्रव्य सोडले होते आणि ते द्रावाबरोबर दुसऱ्यात गेले.

परंतु इतरांना ते जमेना. कोणाचा बेडूक निराळ्या जातीचा, कोणाची खोली उबदार, कोणी उन्हाळ्यात प्रयोग केलेला. द्रव्य क्षणात नष्ट करणारे एक विकर शरीरातच असते आणि त्याचा जोर ऋतुमान व उष्णता यांप्रमाणे बदलतो, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. शंका वाढत गेल्या. म्हणून स्टॉकहोमच्या परिषदेत लोवींना सर्वांसमक्ष प्रयोग करण्याचे आमंत्रण आले. परक्या प्रयोगशाळेत, परक्या मेजावर, जगातील सर्वांत चिकित्सक डोळ्यांपुढे त्यांनी तो मांडला. एकाच हृदयावर त्यांनी तो अठरा वेळा करून दाखविला आणि अठराही वेळा तो यशस्वी झाला. ते द्रव्य म्हणजे असेटिलकोलीन, हे पुढे निश्चित झाले. त्याचे गुणधर्म लंडनचे हेन्री डेल यांनी १९१४ मध्येच वर्णिलेले होते. १९३६ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून देण्यात आले.

लोवींची पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १९३८ च्या मार्च महिन्यात नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केला त्याच रात्री ते ज्यू असल्यामुळे त्यांना अटक झाली. तुरुंगात, आपण मारले जाऊ अशी खात्री झाली असता, त्यांना चिंता होती ती आपल्या शेवटच्या प्रयोगांचे निष्कर्ष अप्रकाशित राहतील याची. पहारेकऱ्याची विनवणी करून त्यांनी एक पोस्टकार्ड मिळविले आणि त्यावर ते निष्कर्ष लिहून एका नियतकालिकाकडे पाठविले. नोबेल पारितोषिकाची रक्कम नाझींच्या ताब्यातील बँकेत जमा केल्यावरच त्यांना देश सोडू देण्यात आला.

हृदयापुरता वाद मिटला. पण मेंदू व मज्जारज्जू यांचे काय? तेथे विजेची ठिणगीच काम करते, असे ऑस्ट्रेलियाचे जॉन एकल्स मोठ्या हिरिरीने म्हणत. ते शेरिंग्टनांचे शिष्य. डेल व एकल्स यांची लंडनच्या सभांतून अशी खडाजंगी होई, की नवख्या माणसास त्यांचे हाडवैर आहे असे वाटावे. वस्तुतः त्यांचा पत्रव्यवहार अत्यंत स्नेहाचा होता. १९५१ च्या ऑगस्टात न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे एकल्स व त्यांचे सहकारी यांनी मांजराच्या मज्जारज्जूतील एकेका पेशीत अतिसूक्ष्म काचनळी घालून तिचा विद्युद्दाब मोजला. ठिणगीचा सिद्धांत खरा असता तर काटा एका दिशेला जावयास हवा होता. तो उलट दिशेला गेला. आपलाच सिद्धांत आपल्याच हाताने पडला हे एकल्सनी ताबडतोब व जाहीरपणे मान्य केले. डेल यांनी त्यावर विनोदाने बायबलातील सॉलच्या धर्मांतराची उपमा दिली. १९५९ मध्ये काही प्राण्यांच्या मज्जापेशींत खरोखर विजेनेच संदेश जातो असे आढळले, म्हणजे ठिणगीवाल्यांचाही अगदीच पाडाव झाला नाही. आज मनोविकारांवर, अपस्मारावर, पार्किन्सनच्या कंपवातावर दिली जाणारी कितीतरी औषधे या ‘थेंबां’च्या ज्ञानावर उभी आहेत.

आंतरराष्ट्रीय परिषदेचे सव्विसावे अधिवेशन १९७४ च्या ऑक्टोबरात नवी दिल्लीस भरले. तोपर्यंत भारतात या शास्त्राची मुळे चांगली रुजली होती. कलकत्त्यास प्रेसिडेन्सी कॉलेजात सुबोधचंद्र महलनोबीस यांनी १९०० च्या सुमारास या विषयाचा विभाग सुरू केला आणि १९३४ मध्ये भारतीय शरीरक्रियावैज्ञानिक संस्था तेथेच निघाली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत बाळ कुलकर्णी शिकतो की बलदेव सिंग, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. १९५६ साली स्थापन झालेली ती संस्था साऱ्या देशाची आहे. तेथील शरीरक्रियाविज्ञान विभागाचे आद्य प्रमुख बी. के. आनंद यांनी तत्पूर्वी, १९५१ मध्ये, अमेरिकेत ब्रोबेक यांच्याबरोबर उंदरांवर प्रयोग करून दाखविले होते, की मेंदूच्या तळाशी असलेला एक चिमुकला भाग दोन्ही बाजूंना नष्ट केला तर प्राणी समोर अन्न असूनही खात नाही.

आनंद यांच्या दुसऱ्या एका उद्योगाकडे आपल्या वाचकांचे अधिक लक्ष जाईल. योगी हृदय थांबवू शकतात, श्वासावाचून राहू शकतात, असे आपण ऐकत आलो. १९५७ मध्ये वेंगर व बागची हे दोन संशोधक अमेरिकेहून उपकरणे घेऊन आले आणि आनंदांच्या सहकार्याने त्यांनी अशा योग्यांची तपासणी केली. मनगटावरची नाडी खरोखरच लागेनाशी झाली. परंतु हृदयाचा विद्युत् आलेख चालूच होता. छातीचे व पोटाचे स्नायू आवळून, श्वास कोंडून रक्ताचा परतीचा ओघ रोखला जात होता. हृदय थांबत नव्हते. उलट रामानंद योगी यांना हवाबंद पेटीत बसविले असता त्यांचा प्राणवायूचा खर्च विश्रांतीच्या मूलभूत मानापेक्षाही पुष्कळ खाली गेला. हे निष्कर्ष १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. एक समजूत खोटी ठरली, दुसरीत काही तथ्य निघाले. महाराष्ट्रात लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून हीच दृष्टी ठेवली होती. आसने व क्रिया यांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे ते क्ष-किरणांनी व दाबमापकांनी तपासून ‘योगमीमांसा’ या त्रैमासिकात छापीत.

दिल्लीच्याच ऑटार सिंग पेंटल यांचे नाव जगातील कोणत्याही श्वसनविषयक सभेत आदराने घेतले जाते. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात फुफ्फुसातील काही संवेदी तंतूंचे वर्णन होते. त्यांचे खरे काम मात्र त्यांना स्वतःलाच पुढे कळले, आणि १९६९ मध्ये त्यांनी त्या तंतूंचे नाव बदलून ‘जे’ ग्राहक असे ठेवले. फुफ्फुसातील केशवाहिन्यांच्या लगत हे ग्राहक असतात. तेथे पाणी साचू लागले, मग ते हृदय दुबळे झाल्यामुळे असो की फार उंचीवर वेगाने चढल्यामुळे असो, की ते मेंदूला वर्दी देतात. श्वास उथळ व जलद होतो, धाप लागते, हातपाय गळतात, माणूस बसतो. धाप ही केवळ प्राणवायूच्या कमतरतेची तक्रार नसून फुफ्फुसाने दिलेला थांबण्याचा हुकूमही असू शकते, हे पेंटलांमुळे समजले. हिमालयाच्या चौक्यांवर जवान पाठविणाऱ्या देशात या ज्ञानाचे मोल निराळे सांगावयास नको. १९८१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

अलीकडे परिषदांपेक्षा ‘कार्यशाळा’ हा शब्द अधिक ऐकू येतो. इंग्रजी शब्दाचे हे भाषांतर मला प्रथम रुचले नव्हते. सुताराचा कारखाना डोळ्यांपुढे येई. पण विचार करता तोच अर्थ योग्य आहे. पेशीच्या पडद्यातील एकेका सूक्ष्म मार्गिकेतून जाणारा विद्युत् प्रवाह मोजण्याची रीत नेहर व साकमान यांनी १९७६ मध्ये जर्मनीत काढली. १९९१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. काचनळीचे टोक एका मायक्रोमीटरच्या आसपास, ते पेशीला हलकेच टेकवावयाचे आणि किंचित ओढ द्यावयाची. किती किंचित, हे कोणत्याही पुस्तकात लिहिता येत नाही. ते जाणत्याच्या शेजारी बसून हातालाच शिकावे लागते, जसे पोळी लाटणे किंवा तंबोरा लावणे. इंग्लंडात प्लिमथच्या सागरी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत, जेथे हॉजकिन व हक्स्ली यांनी माकुळाच्या जाड मज्जातंतूवर काम केले, तेथे १९८४ पासून अशी कार्यशाळा भरत आली आहे. निरनिराळ्या देशांचे थोडके विद्यार्थी, प्रत्येकाला उपकरण, आणि दिवसभर काचनळ्या ओढणे व मोडणे.

आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांतून बेडकाचा प्रयोग आता बहुधा संगणकाच्या पडद्यावरच दाखविला जातो. १९६० च्या प्राणिविषयक कायद्याने व त्याखालील नियमांनी घातलेली बंधने पाहता ते योग्यच आहे. पहिल्या वर्षाच्या शंभर विद्यार्थ्यांनी शंभर बेडूक मारून जे शिकावयाचे ते मारल्यावाचून शिकता येते. परंतु पडद्यावरच्या बेडकाचे हृदय व्हेगस उद्दीपित केला की दर वेळी, मेमध्ये आणि जानेवारीतही, न चुकता मंदावते. लोवींच्या टीकाकारांच्या खोलीत ते का मंदावले नाही, हा प्रश्न त्या पडद्यासमोर बसलेल्या विद्यार्थ्याला पडेल असे शिक्षकांनी काही तरी करावयास हवे.